आयफ्रेममध्ये पडलेला माऊस क्लिक बाहेरच्या पेजला कसा कळवायचा (नवीन लोकांसाठी, पायरी पायरीने)

पेजवर छान ड्रॉपडाउन मेनू केलाय, बाहेर कुठेही क्लिक केलं की तो बंद व्हावा म्हणून डॉक्युमेंटवर क्लिकचा लिसनर लावलाय, सगळीकडे झकास चालतंय, आणि पेजच्या मधोमध जी आयफ्रेम (पेजच्या आत दुसरं पेज दाखवणारी चौकट) आहे तिच्यावर क्लिक केलं की मेनू ढिम्म हलत नाही. कन्सोलमध्ये एरर नाही, वॉर्निंग नाही, काही म्हणजे काही नाही. मग माणूस लिसनर बॉडीवर लावून बघतो, विंडोवर लावून बघतो, आयफ्रेमच्या टॅगवरच लावून बघतो, आणि तरीही शुकशुकाट.

हा प्रकार तुमच्या कोडच्या चुकीमुळे होत नाहीये. ब्राउझर मुद्दाम तसा वागतो, आणि का वागतो ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सुरू करायच्या आधी एक सांगतो. कोडमधली नावं मी इथे देवनागरीत, जशी बोलतो तशी लिहितोय. एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची, आणि जोडनाव असेल (उदा. ॲडइव्हेंटलिसनर) तर बहुतेक वेळा पहिला शब्द लहान अक्षरात आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. इव्हेंटची नावं मात्र (क्लिक, पॉइंटरडाउन, ब्लर, लोड) पूर्ण लहान अक्षरांत, तिथे कॅपिटल टाकलं तर लिसनर गुपचूप काहीच करत नाही.

पायरी १: क्लिक नक्की जातो कुठे ते बघा

प्रत्येक फ्रेमला स्वतःची विंडो असते आणि स्वतःचं डॉक्युमेंट असतं. आतल्या बटणावर क्लिक केलं की इव्हेंट बटणापासून वर चढत जातो, डिव्ह, बॉडी, डॉक्युमेंट, आणि शेवटी विंडो, पण ती विंडो त्या फ्रेमची. तिथे प्रवास संपला. बाहेरच्या पेजमध्ये जो आयफ्रेमचा टॅग दिसतो तो त्या इव्हेंटच्या वाटेवर येतच नाही, त्यामुळे त्याच्यावर लावलेला क्लिकचा लिसनर आतल्या क्लिकने कधीच चालत नाही. कॅप्चर फेज (इव्हेंटचा वरून खाली प्रवास) लावा, बबल फेज (खालून वर) लावा, काही फरक पडत नाही.

गंमत म्हणजे आयफ्रेमच्या बॉर्डरवर क्लिक केलं तर बाहेरचा लिसनर चालतो! कारण बॉर्डर बाहेरच्या डॉक्युमेंटची असते. काही सांगितलं नसेल तर ब्राउझर आयफ्रेमला २ पिक्सेलची बॉर्डर आणि ३०० बाय १५० चा आकार देतो, तर त्या दोन पिक्सेलवर नेम धरून क्लिक करून बघा, हसू येईल पण मुद्दा पक्का बसेल.

कीबोर्डचंही हेच. फोकस आत असताना एस्केप दाबलं तर ते आतल्या डॉक्युमेंटला जातं, बाहेरच्या मेनूला पत्ताच नाही. क्लिकचा प्रश्न सोडवताना लोक हे हमखास विसरतात, आणि मग महिन्याभराने तोच बग नवीन नावाने येतो.

फ्रेमसेटचं (सगळं पेजच फ्रेममध्ये वाटून टाकायची जुनी पद्धत) जुनं पेज सांभाळायची वेळ आली असेल तर तिथेही नियम हाच. फ्रेम आणि जावास्क्रिप्ट दोन्ही नेटस्केप नॅव्हिगेटर २.० मधून आले, आयफ्रेम १९९६ साली इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये आली, आणि एचटीएमएल ५ ने २०१४ मध्ये फ्रेमसेटला रीतसर निरोप दिला. आयफ्रेम तेवढी टिकली. नेटवर शोधताना अटॅचइव्हेंट, कॅप्चरइव्हेंट्स असली नावं असलेली उत्तरं सापडली तर सरळ पुढे जा, ती त्या काळातली आहेत. अटॅचइव्हेंट तर इंटरनेट एक्सप्लोररनेच ११ व्या आवृत्तीत काढून टाकलं होतं.

पायरी २: आतलं पेज कोणाचं आहे ते ठरवा

कोड लिहायच्या आधी हा एकच प्रश्न विचारायचा, कारण पुढचा रस्ता यावरच ठरतो. तीन शक्यता आहेत:

– आतलं पेज आणि बाहेरचं पेज एकाच ओरिजिनचं आहे.
– ओरिजिन वेगळं आहे, पण आतल्या पेजचा कोड तुम्ही किंवा तुमच्या ओळखीतली टीम बदलू शकते.
– आतलं पेज पूर्णपणे परक्याचं आहे (व्हिडिओ प्लेयर, नकाशा, जाहिरात, पेमेंटचा फॉर्म).

ओरिजिन म्हणजे तीन गोष्टींचा संच: प्रोटोकॉल, होस्टचं नाव आणि पोर्ट. तिन्ही तंतोतंत जुळले तरच एकच ओरिजिन. एक एचटीटीपीवर आणि दुसरं एचटीटीपीएसवर, वेगळं. मुख्य डोमेन आणि त्याचं सबडोमेन, वेगळं. लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ८०००, हेही वेगळं, आणि इथे नवीन लोक फार अडकतात कारण दोन्ही आपल्याच मशीनवर असतात ना, मग वाटतं की परकं कसं काय असेल.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे फाइलवर डबल क्लिक करून पेज उघडणं. ॲड्रेस बारमध्ये फाइल प्रोटोकॉल दिसत असेल तर क्रोम प्रत्येक फाइलला स्वतंत्र ओरिजिन समजतो, एकाच फोल्डरमधल्या दोन फाइल असल्या तरी, आणि फायरफॉक्सनेही २०१९ मधल्या ६८ व्या आवृत्तीपासून तेच धोरण धरलं. तेव्हा प्रयोग करायला छोटा लोकल सर्व्हर चालवा. पायथन असेल तर त्याच्यासोबत येणारा साधा एचटीटीपी सर्व्हर एका कमांडमध्ये सुरू होतो, नाहीतर एडिटरचं लाइव्ह सर्व्हरवालं एक्स्टेंशन घ्या. हे केल्याशिवाय पुढची पायरी करून बघू नका, उगाच डोकं फिरेल.

ओरिजिन एकच आहे की नाही ते कोडमधून तपासायचं असेल तर फ्रेम लोड झाल्यावर आयफ्रेमच्या एलिमेंटवर कंटेंटडॉक्युमेंट वाचा. डॉक्युमेंट मिळालं तर आत जाता येतं, नल मिळालं तर नाही. कंटेंटविंडोमधून डॉक्युमेंट वाचायला गेलात तर मात्र नल मिळत नाही, सिक्युरिटीएरर अंगावर येतो, म्हणून तो रस्ता घेतलात तर ट्राय-कॅचमध्ये गुंडाळा. मी तरी कंटेंटडॉक्युमेंटच वापरतो.

सबडोमेनसाठी दोन्हीकडे डॉक्युमेंट डॉट डोमेन सेट करा असा एक जुना उपाय अजून फिरत असतो. तो विसरा. क्रोमने ते बाय डीफॉल्ट बंद केलंय, आणि ते सुरू करण्यासाठी सर्व्हरशी झटापट करण्यापेक्षा पायरी ४ मधला मेसेजचा रस्ता कितीतरी बरा.

पायरी ३: ओरिजिन एकच असेल तर थेट आत लिसनर लावा

सोपी केस. आयफ्रेमचं कंटेंटडॉक्युमेंट घ्यायचं आणि त्याच्यावरच ॲडइव्हेंटलिसनर लावायचा. एवढंच! पण कधी लावायचा, यातच सगळी मेख आहे.

आयफ्रेम पेजवर आली की ब्राउझर आधी तिच्यात एक कोरं डॉक्युमेंट ठेवतो आणि खरं पेज आलं की ते बदलतो. तुमची स्क्रिप्ट घाईघाईने चालली आणि त्या कोऱ्या डॉक्युमेंटवर लिसनर लावून मोकळी झाली, तर खरं पेज आल्यावर तो लिसनर कोऱ्या डॉक्युमेंटबरोबरच कचऱ्यात जातो. म्हणून आयफ्रेमच्या लोड इव्हेंटमध्ये लावायचा. आणि आतल्या लिंकवर क्लिक करून फ्रेममध्ये दुसरं पेज आलं की डॉक्युमेंट पुन्हा बदलतं, तेव्हा लोड पुन्हा येतो, तेव्हा पुन्हा लावायचा. थोडक्यात लोडचा लिसनर वन्स म्हणून लावू नका, ‘एकदाच चालव’ हा पर्याय इथे घात करतो.

हाताने लिहिलं तर असं दिसेल:

१. एक नावाचं फंक्शन करा, समजा बाहेरक्लिक. त्यात मेनू बंद करायचा कोड. निनावी फंक्शन नको, कारण तेच नावाचं फंक्शन त्याच डॉक्युमेंटवर त्याच पर्यायांनी दोनदा लावलं तरी ब्राउझर दुसऱ्यांदा लावत नाही, निनावी असेल तर दोनदा लागतं आणि एकाच क्लिकला कोड दोनदा चालतो.
२. हे फंक्शन बाहेरच्या डॉक्युमेंटवर लावा.
३. आयफ्रेमच्या लोडमध्ये कंटेंटडॉक्युमेंट वाचा, नल नसेल तर त्याच्यावर तेच फंक्शन लावा, तिसरं आर्ग्युमेंट ट्रू, म्हणजे कॅप्चर.
४. स्क्रिप्ट चालेपर्यंत फ्रेम आधीच लोड झालेली असू शकते, मग लोड परत येणार नाही. म्हणून सुरुवातीला एकदा कंटेंटडॉक्युमेंटची रेडीस्टेट ‘कम्प्लीट’ आहे का बघून तेव्हाच लावून टाका. कोऱ्या पानावर लागलं तरी बिघडत नाही, लोडमध्ये पुन्हा लागणारच आहे.

कॅप्चर का, तर आतल्या पेजमधल्या एखाद्या बटणाने स्टॉपप्रोपगेशन केलं असेल तर बबलवाल्या लिसनरपर्यंत इव्हेंट पोचतच नाही. कॅप्चर वरून खाली येतो, त्यामुळे आपल्याला आधी कळतं.

आयफ्रेम बऱ्याच असतील किंवा नंतर जावास्क्रिप्टने टाकल्या जात असतील तर प्रत्येकीच्या मागे धावायची गरज नाही. लोड इव्हेंट बबल होत नाही हे खरं, पण कॅप्चर होतो! म्हणजे बाहेरच्या डॉक्युमेंटवर लोडचा एकच लिसनर कॅप्चर ट्रू करून लावला की पेजमधल्या सगळ्या आयफ्रेमचे, नंतर आलेल्यांचेसुद्धा, लोड तिथे दिसतात. इमेजचेही दिसतात, तेव्हा इव्हेंटच्या टार्गेटचं टॅगनेम आयफ्रेम आहे का ते बघून घ्या. ही युक्ती मला म्यूटेशनऑब्झर्व्हरपेक्षा (पेजमधले बदल टिपणारी ब्राउझरची सोय) कधीही जास्त आवडते, चार ओळींत काम होतं.

फ्रेमच्या आत फ्रेम असेल तर तेच फंक्शन आतल्या डॉक्युमेंटसाठी पुन्हा बोलवायचं, रिकर्शन. मधली एखादी फ्रेम परकी निघाली तर कंटेंटडॉक्युमेंट नल येईल आणि त्या फांदीवर काम तिथेच थांबेल.

एक तोटा सांगून ठेवतो. लोड इव्हेंट आतल्या सगळ्या इमेज वगैरे आल्यावर येतो, पेज जड असेल तर तोवर युजरने दोन-चार क्लिक करून पण झालेले असतात आणि ते हुकतात. आतलं पेज तुमचंच असेल तर उलट करा: आतल्या पेजमध्येच छोटी स्क्रिप्ट टाका, जी स्वतःच्या डॉक्युमेंटवर लिसनर लावेल आणि पेरेंटला, म्हणजे बाहेरच्या पेजला, कळवेल. मग लोडची वाट बघायची भानगडच नाही.

आणि हो, इन्स्टन्सऑफ (हा शब्द मात्र पूर्ण लहान अक्षरांत). बाहेरच्या कोडमध्ये इव्हेंटचा टार्गेट एचटीएमएलएलिमेंट आहे का असं इन्स्टन्सऑफने विचाराल तर आतल्या फ्रेममधल्या बटणासाठी फॉल्स मिळेल, कारण आतल्या विंडोचा एचटीएमएलएलिमेंट हा क्लास वेगळा आणि बाहेरचा वेगळा. नोडटाइप १ आहे का ते बघा, किंवा टॅगनेम तपासा. मेनू डॉट कंटेन्स मात्र बिनधास्त वापरा, दुसऱ्या डॉक्युमेंटमधला नोड दिला तर ते फॉल्स देतं, आणि आपल्याला ‘बाहेर क्लिक झाला’ हेच तर हवंय. क्लिक कुठल्या फ्रेममधून आला ते हवं असेल तर टार्गेटचं ओनरडॉक्युमेंट, त्याचं डीफॉल्टव्ह्यू, आणि त्याचं फ्रेमएलिमेंट, एवढी साखळी धरून वर आलं की थेट आयफ्रेमचा टॅग हातात येतो.

पायरी ४: ओरिजिन वेगळं पण कोड हातात आहे, तर पोस्टमेसेज

आता आत हात घालता येत नाही, पण आतला माणूस आवाज देऊ शकतो. आतल्या पेजमध्ये लिसनर लावायचा आणि क्लिक झाला की विंडो डॉट पेरेंट डॉट पोस्टमेसेज बोलवायचं. दोन गोष्टी द्यायच्या: माहिती आणि टार्गेट ओरिजिन.

माहितीमध्ये इव्हेंट ऑब्जेक्ट जसाच्या तसा टाकू नका, डेटाक्लोनएरर येईल. डॉमचे नोड, फंक्शन, इव्हेंट, यांची कॉपी करून पलीकडे पाठवता येत नाही. साधा ऑब्जेक्ट करा: प्रकार ‘फ्रेमक्लिक’, एक्स म्हणजे क्लायंटएक्स, वाय म्हणजे क्लायंटवाय, आणि बटण क्रमांक (० डावं, १ मधलं, २ उजवं). बस.

टार्गेट ओरिजिनच्या जागी पुष्कळ जण तारा, म्हणजे ॲस्टेरिस्क, टाकून मोकळे होतात. त्याचा अर्थ असा की तुमची फ्रेम कोणीही आपल्या पेजमध्ये बसवली तरी त्याला मेसेज मिळणार. नुसतं ‘क्लिक झाला’ असेल तर फार बिघडत नाही, पण सवय वाईट, उद्या त्याच मेसेजमध्ये कोणीतरी युजरचा आयडी टाकतं. पेरेंटचं पूर्ण ओरिजिन लिहा, प्रोटोकॉलसकट.

बाहेरच्या बाजूला विंडोवर मेसेज इव्हेंटचा लिसनर. आत आल्या आल्या तीन तपासण्या, याच क्रमाने:

– इव्हेंट डॉट ओरिजिन अपेक्षित आहे का. पूर्ण जुळणी करा, ‘यात हे नाव आहे का’ असली अर्धवट तपासणी नको, कारण त्या नावाचा तुकडा असलेलं डोमेन कोणीही घेऊ शकतो.
– इव्हेंट डॉट सोर्स आपल्या आयफ्रेमच्या कंटेंटविंडोइतकाच आहे का. दोन फ्रेम एकाच ओरिजिनच्या असल्या तर कुठलीने मेसेज पाठवला ते यावरूनच कळतं.
– डेटाचा प्रकार आपला आहे का. ब्राउझरची एक्स्टेंशन आणि इतर लायब्ररी पण मेसेज टाकत असतात, पहिल्यांदा कन्सोलला सगळे मेसेज छापून बघाल तेव्हा ही गर्दी कुठून आली असं वाटेल.

आयफ्रेमला सँडबॉक्स ॲट्रिब्यूट (आतल्या पेजवर बंधनं घालणारा) असेल तर थोडं थांबा. सँडबॉक्स लावला की आतली स्क्रिप्टच बंद होते, ती चालू ठेवायला अलाउ-स्क्रिप्ट्स द्यावं लागतं. आणि अलाउ-सेम-ओरिजिन दिलं नाही तर आतल्या पेजला खरं ओरिजिनच राहत नाही, मेसेजच्या ओरिजिनमध्ये ‘नल’ अशी अक्षरशः स्ट्रिंग येते. मग ओरिजिन तपासण्यात अर्थ नाही, सोर्सवरच भिस्त ठेवायची. दोन्ही एकत्र देऊन प्रश्न सुटतो असं वाटेल, पण आतलं पेज तुमच्याच ओरिजिनचं असेल तर ते बाहेर येऊन स्वतःच्या टॅगवरचा सँडबॉक्स काढून टाकू शकतं, म्हणजे सँडबॉक्स असून नसल्यासारखा.

अजून एक शंका लोकांना असते, की मेसेज मिळाल्यावर बाहेरच्या पेजने नवीन विंडो उघडली तर पॉपअप ब्लॉकर आडवा येईल का. फ्रेममध्ये खरा क्लिक झाला की ब्राउझर ‘युजरने काहीतरी केलं’ ही नोंद त्या फ्रेमबरोबर तिच्या वरच्या सगळ्या पेजेससाठी पण करतो, ओरिजिन काहीही असो. त्यामुळे लगेच उघडली तर सहसा चालतं, पाच-दहा सेकंदांनी उघडलीत तर नाही. शेजारची वेगळ्या ओरिजिनची दुसरी फ्रेम मात्र त्या नोंदीत धरली जात नाही.

पायरी ५: क्लिकची जागा बाहेरच्या मापात आणा

नुसतं ‘क्लिक झाला’ एवढंच हवं असेल तर ही पायरी सोडा. पण क्लिक केलेल्या जागी टूलटिप दाखवायची असेल, तर आतून आलेला एक्स-वाय जसाच्या तसा वापरून चालत नाही, कारण तो फ्रेमच्या स्वतःच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेला असतो.

गणित असं. आयफ्रेमच्या टॅगवर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट बोलवा, लेफ्ट आणि टॉप मिळेल. तो कोपरा बॉर्डरच्या बाहेरचा असतो, म्हणून बॉर्डरची जाडी मिळवायची, ती क्लायंटलेफ्ट आणि क्लायंटटॉपमध्ये असते. आयफ्रेमला पॅडिंग दिलं असेल तर तेही. मग आतला क्लिक.

समजा लेफ्ट २००, टॉप १२०, बॉर्डर २, पॅडिंग नाही, आणि आत क्लिक झाला ३५, ५० वर. बाहेर तो पडला २०० + २ + ३५ = २३७ आणि १२० + २ + ५० = १७२ वर. पोझिशन फिक्स्ड असलेला टूलटिप थेट या आकड्यांवर ठेवा.

प्रिव्ह्यूसाठी वगैरे आयफ्रेम सीएसएसने अर्धी केली असेल, म्हणजे ट्रान्सफॉर्ममध्ये स्केल ०.५, तर रेक्टचा लेफ्ट-टॉप आधीच स्केल होऊन येतो पण बॉर्डर आणि आतला क्लिक नाही. रेक्टची विड्थ भागिले ऑफसेटविड्थ केलं की स्केल मिळतो. वरच्याच आकड्यांवर, कोपरा तोच धरला तर, २०० + (२ + ३५) × ०.५ = २१८.५, आणि १२० + (२ + ५०) × ०.५ = १४६. फ्रेम फिरवली असेल, रोटेट, तर हे सूत्र चालणार नाही.

पेजएक्स-पेजवाय इथे वापरू नका. त्यात आतल्या पेजचा स्क्रोल मिसळलेला असतो, आतलं पेज थोडं खाली सरकवलं की टूलटिप भलतीकडे.

आणि रेक्ट मेसेज आल्या क्षणी मोजा, आधी मोजून ठेवू नका, बाहेरचं पेज स्क्रोल झालं की जुना आकडा वाया.

पायरी ६: आतलं पेज परक्याचं असेल तर

इथे सरळ सांगतो, आत नक्की कुठे क्लिक झाला हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळूही नये. पेमेंटच्या फॉर्ममध्ये युजर कुठे काय दाबतोय हे बाहेरच्या पेजला दिसायला लागलं तर काय होईल विचार करा. त्यामुळे आडवाटा शोधत बसू नका. पण ‘फ्रेममध्ये कुठेतरी क्लिक झाला’ एवढं अंदाजाने कळू शकतं, आणि मेनू बंद करायला तेवढं पुरतं.

युक्ती फोकसची. युजर फ्रेममध्ये क्लिक करतो तेव्हा फोकस आत जातो आणि बाहेरच्या विंडोला ब्लर इव्हेंट येतो. त्या क्षणी डॉक्युमेंट डॉट ॲक्टिव्हएलिमेंट बघितलं तर तो आयफ्रेमचा टॅग असतो. म्हणजे विंडोवर ब्लरचा लिसनर, त्यात ० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट (काही ब्राउझर ॲक्टिव्हएलिमेंट क्षणभर उशिरा बदलतात), आणि आत तपासणी की ॲक्टिव्हएलिमेंट आयफ्रेम आहे का. असेल तर मेनू बंद.

हिच्या मर्यादा माहीत असू द्या, नाहीतर नंतर बग रिपोर्ट वाचत बसाल:

पहिलाच क्लिक कळतो. फोकस आत गेल्यावर दुसरा, तिसरा क्लिक कळत नाही कारण ब्लर परत येत नाही. काही जण लगेच विंडो डॉट फोकस करून फोकस बाहेर ओढतात म्हणजे पुढचा क्लिक पण पकडता येईल, पण मग युजर आतल्या फॉर्ममध्ये टाइप करायला जातो आणि अक्षरं उमटतच नाहीत. असलं करू नका, मोजणीच्या हौसेपायी युजरचा फॉर्म मोडतो.

एका परक्या फ्रेममधून थेट दुसऱ्या परक्या फ्रेममध्ये क्लिक गेला तर बाहेरच्या विंडोला ब्लर येत नाही, तो आधीच येऊन गेलेला असतो.

टॅब बटणाने आत गेलं तरी ब्लर येतो. फरक हवा असेल तर आयफ्रेमच्या टॅगवर माउसएंटर आणि माउसलीव्ह लावा, हे दोन इव्हेंट बाहेर मिळतात, आणि ब्लरच्या वेळी माउस फ्रेमवर होता का ते बघा. टचवर हा आधार मिळत नाही. मेनू बंद करण्यासाठी तर टॅबने बाहेर गेलं तरी तो बंद झालेलाच बरा, तेव्हा तिथे हा फरक करूच नका.

आणि पेजला मुळात फोकसच नसेल, उदाहरणार्थ कर्सर ॲड्रेस बारमध्ये असेल, तर ब्लर व्हायला काही शिल्लकच नसतं. मेनू उघडताना युजरने पेजवर क्लिक केलेलाच असतो म्हणून त्या कामात हे आड येत नाही, क्लिक मोजायला बसलात तर येतं.

दुसरा उपाय म्हणजे पडदा. मेनू उघडला की पूर्ण पेजवर, आयफ्रेमच्याही वर, एक पारदर्शक डिव्ह पसरायचा, मेनू त्याच्या वर. आता क्लिक आयफ्रेमपर्यंत जातच नाही, डिव्हवर पडतो, आपण मेनू बंद करतो आणि डिव्ह काढतो. तोटा एवढाच की तो पहिला क्लिक फ्रेमला मिळत नाही, युजरला पुन्हा क्लिक करावा लागतो. मला विचाराल तर मेनूसाठी हाच सगळ्यात भरवशाचा, कारण यात अंदाज नाही, ओरिजिनची भानगड नाही, टचवरही चालतो. मोडल बॉक्स असेल तर डायलॉग टॅग आणि शोमोडल वापरा, मागचं सगळं ब्राउझरच निष्क्रिय करतो, आयफ्रेमसकट.

पण पारदर्शक डिव्ह मेनू बंद असतानाही फ्रेमवर ठेवून, क्लिक मोजून, मग ‘आत ढकलायचा’ विचार असेल तर तो सोडा. परक्या फ्रेममध्ये क्लिक ढकलता येत नाही. उलट बाजूने, फ्रेम पारदर्शक करून युजरला फसवून आतल्या बटणावर क्लिक करायला लावणं याला क्लिकजॅकिंग म्हणतात, हे नाव २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी रूढ केलं, आणि त्याच धास्तीने बऱ्याच साइट आता एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा सीएसपीच्या (कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी) फ्रेम-ॲन्सेस्टर्स या सर्व्हरकडून येणाऱ्या सूचनांनी स्वतःला फ्रेममध्ये बसूच देत नाहीत. तुमच्या फ्रेममध्ये पेजऐवजी ‘कनेक्ट करण्यास नकार दिला’ छापाचा संदेश दिसला तर कारण बहुतेक हेच, तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये शोधू नका.

पायरी ७: ड्रॅग करताना फ्रेम मध्ये आली तर

याचा क्लिकशी जवळचा संबंध आहे म्हणून इथेच. दोन भागांमधली पट्टी ओढून रुंदी बदलायची सोय केली, माउसडाउन बाहेर झाला, ओढता ओढता माउस आयफ्रेमवर गेला, आणि पट्टी गोठली. माउसमूव्ह आता आतल्या डॉक्युमेंटला जातायत. युजर आतच बटण सोडतो, माउसअप पण आत जातो, बाहेर तुमचा कोड समजतो की ड्रॅग अजून चालूच आहे, आणि माउस बाहेर आला की पट्टी मागे मागे फिरायला लागते. क्लिक इव्हेंटही येत नाही, कारण क्लिक यायला दाबणं आणि सोडणं एकाच डॉक्युमेंटमध्ये व्हावं लागतं.

उपाय एका ओळीचा: ड्रॅग सुरू होताना बॉडीला एक क्लास द्या आणि सीएसएसमध्ये त्या क्लासखालच्या सगळ्या आयफ्रेमना पॉइंटर-इव्हेंट्स नन करा. संपला की क्लास काढा. पॉइंटर इव्हेंट वापरत असाल तर पॉइंटरडाउनमध्ये पट्टीवर सेटपॉइंटरकॅप्चर बोलवा, मग माउस कुठेही गेला तरी इव्हेंट पट्टीलाच येतात. पॉइंटरकॅन्सलही ऐका, टचवर तो येतो, आणि तो ऐकला नाही तर क्लास बॉडीवर राहून जातो आणि आयफ्रेम मेल्यासारखी पडून राहते.

पायरी ८: चालतंय का ते नीट बघा

क्रोमच्या कन्सोलमध्ये वर ‘टॉप’ लिहिलेली एक यादी असते. ती उघडली की पेजमधल्या सगळ्या फ्रेम दिसतात, हवी ती निवडली की कन्सोल त्या फ्रेमच्या विंडोमध्ये चालतो. तिथे डॉक्युमेंटवर क्लिकचा लिसनर हाताने लावून बघा की आत क्लिक येतोय का. आत येतोय आणि बाहेर नाही, तर गडबड मेसेजमध्ये. आतच येत नाहीये, तर एखादा पडदा वर राहिलाय किंवा पॉइंटर-इव्हेंट्स नन अडकलंय.

मग हे करून बघा: फ्रेममधल्या लिंकवर क्लिक करून दुसऱ्या पेजवर जा आणि मेनू पुन्हा तपासा (लोडचा लिसनर वन्स केला असेल तर इथेच कळेल). फ्रेम जावास्क्रिप्टने काढून परत टाका. बाहेरचं पेज अर्धं स्क्रोल करून टूलटिप बघा. ब्राउझर झूम १५० टक्के करा. फोनवर बोटाने बघा, आणि तिथे क्लिकऐवजी पॉइंटरडाउन लावून बघा, कारण फोनवर साध्या रिकाम्या भागावर टॅप केलं तर क्लिक दर वेळी येईलच असं नाही. बाहेर क्लिक झाला की मेनू बंद, या कामाला मी सगळीकडे पॉइंटरडाउनच लावतो, मेनू बटण दाबल्या क्षणी मिटतो आणि दाबून-ओढून सोडलेला क्लिक पण सुटत नाही.

शेवटी एस्केप. वरच्या प्रत्येक पायरीत जिथे जिथे पॉइंटरडाउन लावलाय किंवा मेसेज पाठवलाय तिथे तिथे कीडाउनचाही लिसनर लावून टाका, फोकस फ्रेममध्ये ठेवून एस्केप दाबा आणि मेनू मिटतो का बघा. परक्या फ्रेममध्ये ते जमणार नाही, पण तिथे क्लिकच्या वेळीच ब्लरने किंवा पडद्याने मेनू मिटलेला असतो, त्यामुळे एस्केपची वेळ येत नाही.